आकाशाचा पहिला प्रवासी आणि 'रोझिएर'

१५ जून १७८५ ची सकाळ. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील बुलोन या बंदरातून सात वाजण्याच्या सुमारास एक विचित्र आकाराचा फुगा आकाशात चढला. त्याचा वरचा भाग चेंडूसारखा गोल होता, तर त्याच्या खाली उभ्या पिंपासारखा दुसरा भाग जोडलेला होता. वरच्या गोलात हायड्रोजन होता आणि खालच्या पिंपात विस्तवाने तापवलेली हवा. त्यातून दोघेजण इंग्लंडला निघाले होते. फुगा प्रथम समुद्राच्या दिशेने गेला, मग वारा फिरला आणि त्याने त्याला पुन्हा जमिनीकडे लोटले. काही वेळातच वरचा गोल अचानक रिकामा झाला आणि सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरून सारा डोलारा विमरो गावाजवळ कोसळला. दोघांपैकी एकाचे नाव होते पिएर रोमां. दुसरे होते ज्यां-फ्रान्स्वा पिलात्र द रोझिए. जमिनीशी बांधलेल्या दोराविना आकाशात विहार करणारा पहिला मनुष्य म्हणून उभा युरोप त्यांना ओळखत होता. हवाई अपघातात मरण पावलेले पहिले ज्ञात प्रवासीही हेच दोघे ठरले. रोझिए यांचे वय होते अवघे ३१ वर्षे.

फुग्यांच्या शास्त्रात आजही एक शब्द वापरला जातो : रोझिएर. फ्रेंच भाषेने फुग्यांच्या तीन जातींना तीन माणसांची नावे दिली आहेत. केवळ गरम हवेवर चालतो तो मोंगोल्फिएर. हे नाव मोंगोल्फिए बंधूंवरून पडले, आपल्या पाठ्यपुस्तकांतले माँटगोल्फिअर ते हेच. हलका वायू भरून उडतो तो शार्लिएर. हे नाव भौतिकशास्त्रज्ञ जाक शार्ल यांच्यावरून आले. आणि ज्यात वायूचा कप्पा वेगळा व गरम हवेचा कप्पा वेगळा, पण दोन्हींची शक्ती एकत्र वापरली जाते, तो रोझिएर. मराठीत या तिन्हींसाठी आपल्याकडे 'फुगा' हा एकच शब्द आहे आणि तो जत्रेतल्या फुग्यालाही चालतो. त्यामुळे या तीन नावांमागे दडलेली स्पर्धा, हट्ट आणि दुर्घटना आपल्यापर्यंत फारशी पोहोचलीच नाही. नवल असे, की रोझिए यांनी आपला विश्वविक्रम केला तो मोंगोल्फिएरमधून. त्यांचे नाव मात्र चिकटले ते ज्याने त्यांचा जीव घेतला त्या फुग्याला.

पिलात्र द रोझिए यांचा जन्म ३० मार्च १७५४ रोजी मेत्झ या शहरात झाला. वडील पूर्वी सैन्यात होते आणि नंतर खाणावळ व मुसाफिरखाना चालवीत. मेत्झ हे लष्करी छावणीचे गाव. तिथल्या लष्करी रुग्णालयामुळे या मुलाला औषधांच्या रसायनांची गोडी लागली आणि तो एका औषधे बनविणाऱ्याकडे उमेदवारी करू लागला. पण लहान गावातील दुकानाच्या फळीमागे आयुष्य काढावे, असा त्यांचा पिंड नव्हता. तरुण वयातच त्यांनी पॅरिस गाठले. पुढे काही काळ रँस येथे भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र शिकविले आणि पुन्हा राजधानीत येऊन ते राजाच्या धाकट्या भावाच्या पदरी राहिले. त्याच्या निसर्गविषयक संग्रहाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. हा भाऊ पुढे अठरावा लुई म्हणून गादीवर बसला.

दरबारी आश्रयाचा त्यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला. ११ डिसेंबर १७८१ रोजी त्यांनी पॅरिसच्या मारे भागात एक संस्था उघडली. नाव 'म्युझियम' असे असले, तरी ते आजच्यासारखे वस्तुसंग्रहालय नव्हते. तिथे प्रयोगशाळा होती, उपकरणे होती, व्याख्याने होत. वर्गणी भरून येणारे सरदार-दरकदार व धनिक मंडळी तेथे विज्ञानाचे चमत्कार डोळ्यांनी पाहात. खानावळवाल्याचा मुलगा उमरावांना रसायनशास्त्र शिकवीत होता, ही त्या काळच्या फ्रान्समध्ये साधी गोष्ट नव्हती. मात्र अशा माणसाला सतत काहीतरी नवे दाखवीत राहावे लागते, हेही तितकेच खरे. रोझिए यांच्या आयुष्यातल्या अनेक निर्णयांचे मूळ मला या गरजेत दिसते.

वायू हा त्यांच्या आवडीचा विषय. मैलाच्या खड्ड्यांत उतरणारे कामगार विषारी वायूने गुदमरून मरत. त्यांच्यासाठी रोझिए यांनी श्वसनाचे एक साधन तयार केले होते. सफाई कामगारांच्या अशा मृत्यूंच्या बातम्या आपल्याकडे अजूनही द्याव्या लागतात, म्हणून हा तपशील वाचताना मन थांबते. हायड्रोजनचे त्यांचे प्रयोग तर धाडसी म्हणावेत की अविचारी, असा प्रश्न पडावा. त्या काळी या वायूला 'ज्वलनशील हवा' म्हणत. रोझिए ही हवा छातीत भरून घेत, नळीवाटे बाहेर सोडत आणि तिला ज्योत लावून दाखवीत. एकदा त्यांनी तीत थोडी साधी हवा मिसळून तोच प्रयोग केला. स्फोट इतका जोराचा झाला, की आपले दात उडाले असेच त्यांना क्षणभर वाटले. त्यांच्या आठवणींत या प्रसंगाची नोंद आहे. ती लक्षात ठेवायला हवी. कारण पुढे ज्या वायूखाली त्यांनी विस्तव पेटवला, त्याचा स्वभाव त्यांना पुस्तकातून नव्हे, तोंडाच्या अनुभवातून ठाऊक होता.

१७८३ हे वर्ष फुग्यांचे. ४ जून रोजी आनोने या गावात जोसेफ व एतिएन मोंगोल्फिए या कागद गिरणीच्या मालक बंधूंनी कापड व कागदाचा मोठा फुगा गरम हवेने वर चढवून दाखवला. पेंढा आणि लोकर जाळून निघणाऱ्या धुरातच काही खास उचलण्याची शक्ती आहे, अशी त्यांची समजूत होती. खरे काम तापून विरळ झालेली हवा करीत होती. २७ ऑगस्ट रोजी शार्ल यांनी पॅरिसमध्ये लोखंडाचा कीस व गंधकाम्ल यांपासून मिळविलेल्या हायड्रोजनचा फुगा सोडला. तो गोनेस गावी उतरला, तेव्हा भ्यालेल्या गावकऱ्यांनी हत्यारे घेऊन त्याच्या चिंध्या केल्या. १९ सप्टेंबर रोजी व्हर्सायच्या राजवाड्यासमोर, सोळावा लुई व राणी मारी आंत्वानेत यांच्या साक्षीने, मोंगोल्फिएंच्या फुग्यातून एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा आकाशात जाऊन सुखरूप परतले. पुढची पाळी माणसाची, हे उघड होते.

राजाला हे साहस धोक्याचे वाटत होते. म्हणून देहान्ताची शिक्षा झालेल्या दोन कैद्यांना वर पाठवावे आणि जगले तर माफी द्यावी, असा त्याचा विचार होता. रोझिए यांना हे मुळीच रुचले नाही. आकाशात प्रथम जाण्याचा मान गुन्हेगारांना मिळावा, ही कल्पनाच त्यांना असह्य झाली. पायदळातील अधिकारी मार्की दार्लांद यांनाही तसेच वाटत होते. दोघांनी दरबारातील वजनदार व्यक्तींकडून शब्द टाकवला आणि अखेर राजाची परवानगी मिळाली. १५ ऑक्टोबरपासून रोझिए यांनी पॅरिसमधील रेव्हेयों यांच्या भिंतकागदाच्या कारखान्याच्या बागेत, जमिनीला दोराने बांधलेल्या फुग्यातून सराव केला. पहिल्या खेपेला ते सुमारे २५ मीटर वर गेले. विस्तव कमी-जास्त करून उंची राखता येते, हे तिथे ध्यानात आले.

२१ नोव्हेंबर १७८३ रोजी दुपारी दोनच्या सुमारास ब्वा द बुलोन या वनाच्या कडेला असलेल्या ला म्युएतच्या प्रासादातून दोर सोडण्यात आला. फुगा निळ्या रंगाचा, सोनेरी नक्षीचा, राशीचक्राच्या चिन्हांनी सजवलेला आणि सुमारे २३ मीटर उंच होता. खाली गोलाकार सज्जा, मधोमध शेगडी. तोल राहावा म्हणून दोघांना परस्परांच्या विरुद्ध बाजूंना उभे राहावे लागले. मध्ये फुग्याचे तोंड असल्याने एकमेकांचे चेहरेही दिसत नव्हते. दार्लांद खालचे पॅरिस पाहण्यात गुंग झाले, तेव्हा पेंढा टाकत राहा, नाहीतर नदीत उतरू, अशी आठवण रोझिए यांना ओरडून द्यावी लागली. थोड्याच वेळात कापडाला ठिणग्यांनी भोके पडू लागली. काही दोर तुटले. ओले स्पंज घेऊन दोघांनी जळती जागा विझवली आणि सेन नदी ओलांडून, शहराच्या छपरांवरून तरंगत, सुमारे २५ मिनिटांत ९ किलोमीटर अंतर कापून ब्यूत-ओ-काय या टेकडीवर, पवनचक्क्यांच्या परिसरात ते उतरले. जळण अजून शिल्लक होते. त्या संध्याकाळी तयार झालेल्या अधिकृत नोंदीवर सही करणाऱ्यांत अमेरिकेचे राजदूत बेंजामिन फ्रँकलिनही होते.

दहाच दिवसांनी, १ डिसेंबरला, शार्ल स्वतः आपल्या हायड्रोजनच्या फुग्यातून उडाले आणि त्यांनी रोझिए यांची कामगिरी झाकोळून टाकली. शार्लिएर दोन तासांहून अधिक काळ हवेत राहिला. त्याला धूर नाही, ठिणगी नाही, सतत पेंढा टाकण्याची दगदग नाही. वर जायचे तर वाळू टाकावी, खाली यायचे तर झडप उघडून वायू सोडावा. येथून पुढे दोन पंथ झाले. एक विस्तवाचा, दुसरा वायूचा.

रोझिए विस्तवाच्या पंथातच राहिले. १९ जानेवारी १७८४ रोजी लिऑं येथे जोसेफ मोंगोल्फिए यांच्यासह सातजण एका अवाढव्य फुग्यातून उडाले. कापड फाटले, पाव तासाच्या आत फुगा खाली आदळला, पण सारे बचावले. २३ जून १७८४ रोजी व्हर्साय येथे फ्रान्सचा राजा आणि पाहुणे आलेले स्वीडनचे राजे तिसरे गुस्ताव यांच्यासमोर रोझिए व रसायनशास्त्रज्ञ प्रुस्त यांनी राणीच्या नावाच्या फुग्यातून उड्डाण केले. सुमारे तीन हजार मीटर उंची गाठून आणि पाऊण तासात ५२ किलोमीटर कापून ते शांतिई परिसरातील वनाजवळ उतरले. मोंगोल्फिएरने गाठलेली ही त्या काळची कमाल होती. यापुढे केवळ पेंढ्याच्या धगीवर फार काही साधणार नाही, हे रोझिए यांना कळून चुकले असावे.

आता डोळ्यांसमोर होती इंग्लिश खाडी. फ्रान्सच्या बाजूने ती ओलांडण्याची कल्पना सरकारने उचलून धरली आणि तिजोरीतून पैसा दिला. अडचण एकच, पण मोठी होती. त्या भागात वारे बहुतांशी पश्चिमेकडून वाहतात. इंग्लंडहून फ्रान्सला जाणे त्यामुळे सोपे, उलट दिशेने जाणे कठीण. अनुकूल वारा हवा असेल, तर वेगवेगळ्या उंचीवर जाऊन तो शोधावा लागणार. शार्लिएरमध्ये दर वेळी वर जाताना वाळू खर्ची पडते आणि खाली येताना वायू. असे चार-सहा वेळा वर-खाली केले, की खेळ संपला. मोंगोल्फिएरला हवे तसे वर-खाली करता येते, पण जळण संपले की तोही संपला.

रोझिए यांची युक्ती येथे समजून घ्यावी लागते, कारण त्या शब्दाचा अर्थच तिच्यात आहे. फुग्याचे बरेचसे वजन वायूने कायमचे उचलून धरावे आणि उंची बदलण्यापुरता विस्तव वापरावा. म्हणजे वाळू टाकायला नको, वायू सोडायला नको आणि जळणही थोडे पुरे. हवाई प्रवासाच्या दृष्टीने हा विचार अत्यंत बुद्धिमान होता. त्यात खोट होती ती एवढीच, की तो वायू हायड्रोजन होता. दारूच्या कोठाराखाली शेगडी पेटवण्यासारखे हे आहे, असा इशारा शार्ल यांनी दिला होता, असे सांगितले जाते.

फुगा बांधण्याचे काम रोमां यांनी केले. १७८५ चा हिवाळा बुलोनमध्ये वाऱ्याची वाट पाहण्यात गेला. आणि ७ जानेवारी १७८५ रोजी नको ती बातमी आली. ज्यां-पिएर ब्लांशार व डॉ. जॉन जेफ्रीझ यांनी डोव्हरहून निघून, साध्या हायड्रोजनच्या फुग्यातून खाडी ओलांडली होती. वाटेत त्यांना सामानच काय, अंगावरचे कपडेही फेकून द्यावे लागले. तरी पहिलेपणाचा मान गेला तो गेलाच. रोझिए यांच्या हाती उरले ते फक्त उलट दिशेचे, अवघड उड्डाण. आठवड्यांमागून आठवडे गेले. प्रतीक्षेत फुग्याचे कापड खराब होऊ लागले, उंदरांनीही त्याचे नुकसान केले. पैसा सरकारचा, डोळे साऱ्या देशाचे, आणि माघार घ्यावी तर उपहास ठरलेला.

रोझिए यांना पुष्कळांनी नंतर अविचारी ठरवले. प्रस्तुत लेखकाला ते पूर्णपणे पटत नाही. हायड्रोजनचा स्फोट स्वतःच्या तोंडात अनुभवलेला माणूस धोका ओळखत नव्हता, असे म्हणणे शक्य नाही. धोका ओळखूनही परतीचा रस्ता बंद झालेला माणूस असे त्यांचे वर्णन अधिक न्याय्य होईल. तो रस्ता बंद करण्यात त्यांच्या महत्त्वाकांक्षेचा वाटा होता, तसाच खजिन्यातून पैसा देऊन निकालासाठी ताटकळणाऱ्या दरबाराचाही होता.

अपघात नेमका कसा झाला, यावर अभ्यासकांत एकमत नाही. ठिणगीने वायू पेटला, हे लोकप्रिय उत्तर. परंतु खाली येण्यासाठी झडपेची दोरी ओढली असता जीर्ण कापड फाटले आणि वायू एकदम निसटला, असे मानणारेही आहेत. कापडाला मुळी आग लागलीच नव्हती, असे काही वर्णनांत येते. दुसरे उत्तर खरे असेल, तर रोझिए यांचा बळी विस्तवाने नव्हे, सहा महिन्यांच्या प्रतीक्षेने घेतला असे म्हणावे लागेल. बुलोनमधील सुझन डायर या इंग्रज तरुणीशी त्यांचा विवाह ठरला होता. अपघातानंतर आठच दिवसांत तिचाही मृत्यू झाला, असे त्यांच्या बहुतेक चरित्रांत सांगितले आहे.

यानंतर वायू आणि विस्तव यांना एकत्र आणण्याच्या वाटेला फारसे कोणी गेले नाही. 'रोझिएर' हा शब्द जवळजवळ दोन शतके एका चुकीचे नाव म्हणून पडून राहिला. त्याला नवा जन्म मिळाला तो हेलियममुळे. या वायूचे नाव निघाले, की आपल्याकडे विजयदुर्ग आठवतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्या किल्ल्याचे नाते स्थानिक परंपरा आवर्जून सांगते. मात्र त्या दिवशी सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहणारे जान्सेन हे आंध्रातील गुंटूर येथे होते आणि लॉकयर यांनी आपले निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून केले. पृथ्वीवर हा वायू विल्यम रॅमसे यांना सापडला तो १८९५ मध्ये. हेलियम हायड्रोजनइतका हलका नाही, पण तो पेटत नाही. रोझिए यांच्या आराखड्यात नेमकी एवढीच उणीव होती.

ब्रिटिश फुगेतज्ज्ञ डॉन कॅमेरॉन यांनी १९७८ मध्ये क्रिस्टोफर डेव्ही यांच्यासह हेलियम व गरम हवा यांच्या जोडफुग्यातून अटलांटिक ओलांडण्याचा प्रयत्न केला आणि फ्रान्सच्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर त्यांना समुद्रात उतरावे लागले. लांबच्या प्रवासातला खरा शत्रू म्हणजे रात्र. दिवसा उन्हाने वायू फुगतो, रात्री थंडीने आकसतो आणि फुगा खाली येऊ लागतो. रोझिएरमध्ये रात्री बर्नर पेटवून हेलियमला ऊब दिली, की वाळू फेकावी लागत नाही. स्टीव्ह फॉसेट जानेवारी १९९७ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईहून अशाच फुग्यातून एकटे निघाले. लिबियाने आपल्या हद्दीतून जाण्यास आरंभी नकार दिल्याने वळसा पडला, जळण अपुरे ठरले आणि उत्तर प्रदेशात सुलतानपूरच्या परिसरात ते उतरले. जगप्रदक्षिणा हुकली, पण १६ हजार किलोमीटरहून अधिक अंतर झाले होते.

१ मार्च १९९९ रोजी स्वित्झर्लंडहून निघालेल्या बर्ट्रांड पिकार व ब्रायन जोन्स यांनी, भारताच्या आकाशातूनही जात, थांबा न घेता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली आणि २१ मार्चला ते इजिप्तच्या वाळवंटात उतरले. त्यांचा फुगा रोझिएरच होता. फॉसेट यांनी २००२ मध्ये एकट्याने प्रदक्षिणा केली, रशियाच्या फ्योदर कोन्युखोव्ह यांनी २०१६ मध्ये ती अकरा दिवसांच्या आसपास पुरी केली. तेही रोझिएरमधूनच. २६ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईहून उडून २१ हजार मीटरची उंची ओलांडणारे विजयपत सिंघानिया यांचा फुगा मात्र शुद्ध मोंगोल्फिएर होता. उंचीसाठी तो चालतो, जगाला वळसा घालण्यासाठी नाही.

विमरोजवळ फुगा कोसळला त्या ठिकाणी एक स्मारकस्तंभ आहे. शेजारच्या विमिय गावच्या दफनभूमीत रोझिए आणि रोमां दोघांनाही मूठमाती देण्यात आली. तो फुगा प्रत्यक्ष बांधला होता रोमां यांनी. त्यांचे नाव मात्र कुठल्याही फुग्याला मिळाले नाही.